बघू कुठे?

गोधडीचा तिसावा ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेला चौकोन, शिवून झाला त्या दुपारी मी सगळे ब्लॉक पलंगावर मांडले. आडवे पाच, उभे सहा. एकेक ब्लॉक ९ इंचांचा आणि त्यात आठ टोकांची एक चांदणी. अशा एका चांदणीला २१ तुकडे लागतात: मधला एक चौकोन, कोपऱ्यांचे चार आणि उरलेले सोळा नुसते त्रिकोण. तीस चांदण्यांचे झाले ६३०. त्यातला प्रत्येक मी मोजून कापलेला, पाव इंच शिवण सोडून शिवलेला, इस्त्री फिरवून बसवलेला. टोकाला टोक असं भिडलं होतं की माझं मलाच खरं वाटेना.

धाकट्या बहिणीला हाक मारली. ती शिवत नाही. साधं बटण तुटलं तरी तिचा शर्ट माझ्याकडे येतो. ती दारात उभी राहिली, पलंगाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "छान झालंय गं ताई." मग थोडं थांबून, "पण मी बघू कुठे?"

"कुठे म्हणजे? सगळीकडे बघ."

"सगळीकडेच बघतेय. तेच तर म्हणतेय."

ती निघून गेली. मी उरलेली दुपार फणफणत ब्लॉक इकडचे तिकडे करण्यात घालवली. कोपऱ्यातली निळी चांदणी मध्ये, मधली तांबडी वरच्या रांगेत, वरची जांभळी खाली. पत्ते पिसावेत तसे पिसले. काही केल्या फरक पडेना. कुठलाही ब्लॉक कुठेही ठेवला तरी चित्र तेच राहत होतं. काहीही हलवलं तरी काहीच बिघडत नाही, याचा अर्थ तिथे मुळात मांडणीच नाही, हे तेव्हाच कळायला हवं होतं. ते कळायला फोटो काढावा लागला.

फोटोतले रंग काढून टाकून काम बघावं, हे मी इतरांना बरीच वर्षं सांगत आले आहे. स्वतःच्या कामावर कधी करून पाहिलं नव्हतं. आता केलं आणि पलंगावरच्या तीसच्या तीस चांदण्या विझल्या. तांबडी, हिरवी, जांभळी, राणी रंगाची, सगळ्यांची मिळून एकच राख. टोकं भिडवायला मी दोन महिने घालवले होते आणि फोटोत टोक कुठे संपतं तेच दिसत नव्हतं.

रंग वेगळा आणि रंगाचा उजळपणा वेगळा. तांबडं आणि हिरवं एकमेकांपासून कितीही लांब असोत, दोन्ही सारखीच गडद असली तर त्यांच्यामधली कड डोळ्याला नीट सापडत नाही. आकार उठून दिसतो तो उजळ आणि गडद जिथे भेटतात तिथे. माझ्या चांदण्यांची आणि त्यांच्या मागच्या कापडाची भेट अशी कुठे झालीच नव्हती. दोघं एकाच पायरीवर बसलेले.

याचा दोष माझ्या कापडाच्या पेटीला द्यावा लागेल, म्हणजे मलाच. मला आवडणारं कापड म्हणजे भरल्या रंगाचं, ना फिकं ना काळपट. घडी उचलून गालाला लावावीशी वाटेल असं. फिकट कापड मळेल म्हणून नको, काळपट उदास दिसेल म्हणून नको, करडं तर कोणी फुकट दिलं तरी नको. वर्षानुवर्षं असं नको-नको करत जे साठलं ते सगळं मधलं. पेटी उघडली की डोळे निवतात. त्याच पेटीतून गोधडी केली की ती मुकी निघते.

उजळ-मध्यम-गडद या तीन पायऱ्या काय करू शकतात हे बघायचं तर ठोकळ्यांची जुनी नक्षी बघावी. तीन सारखे समभुज चौकोन, एकमेकांना चिकटवून केलेला षटकोन. बास, एवढंच. पण त्यातला एक उजळ, एक मध्यम, एक गडद घेतला की सपाट कापडावर ठोकळा उभा राहतो, हात लावून बघावासा वाटतो. उजळ बाजू सगळीकडे वर ठेवली तर उजेड वरून पडतोय असं वाटतं. एखाद्या ठिकाणी उजळ आणि गडद यांची अदलाबदल झाली की त्या जागी खड्डा पडतो. मी एकदा असे दोन खड्डे पाडून ठेवले होते आणि गोधडी पूर्ण झाल्यावर ते दिसले. रंग कुठलेही घ्या, त्याने ठोकळ्याचं काही बिघडत नाही. पायऱ्या चुकल्या की सगळं कोसळतं.

फोटोखेरीज याची आणखी सोपी परीक्षा आहे. डोळे किलकिले करायचे. चष्मा असेल तर तो काढायचा. मला चष्म्याशिवाय चार हातांपलीकडचं धड दिसत नाही, आणि या एका कामात हे वैगुण्य कामी येतं. छाप, फुलं, बुट्टे, माझी ती सुरेख टोकं, सगळं पुसलं जातं आणि फक्त उजेड आणि अंधार उरतो. चष्मा काढून पाहिलं तर पलंगावर धुकं होतं.

*

एवढं कळल्यावर उपाय सोपा वाटला: गडद कापड आणायचं, मागे लावायचं. पण कुठलं कापड गडद आणि कुठलं उजळ हे त्या कापडावर छापलेलं नसतं. ते शेजाऱ्यावर ठरतं. पेटीतला एक शेवाळी तुकडा मी 'गडद' म्हणून धरून चालले होते. तो सायीच्या रंगाच्या कापडाशेजारी ठेवला तर खरंच गडद. काळ्याशेजारी ठेवला तर तोच तुकडा उजळला, शिवाय जरा पिवळसरही दिसायला लागला.

शेजाराचा हा खेळ नीट अभ्यासला तो मिशेल युजेन शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात भिंतीवर लावायचे चित्रांचे पडदे विणले जात आणि १८२४पासून तिथला रंगाईचा विभाग त्याच्याकडे होता. तक्रार आली की काळी लोकर पुरेशी काळी दिसत नाही, निळ्या-जांभळ्याच्या सावलीत वापरली की फिकी पडते. शेव्रलने ती लोकर दुसरीकडच्या काळ्या लोकरीशी ताडून पाहिली. रंगाईत खोट नव्हती. काळा फिका पडत होता तो शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे. यावर काम करत करत त्याने १८३९ साली रंगांच्या परस्परविरोधाच्या नियमावर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. हा माणूस १०२ वर्षं जगला. रंग बघत बसण्याचा तब्येतीवर वाईट परिणाम होत नाही, एवढा दिलासा मी त्यातून घेते.

शेव्रलचं ऐकून मी एक गोष्ट केली. कापडाच्या घड्या करून रंगाप्रमाणे रचून ठेवायची माझी सवय मोडली. सगळी पेटी जमिनीवर ओतली आणि चष्मा काढून तीन ढीग केले, उजळ, मध्यम, गडद. मध्यमचा ढीग गुडघ्याएवढा झाला. उजळ कापडं मोजून सात. गडद चार, आणि त्यातलं एक पेटीचं स्वतःचं अस्तर होतं.

मग उसवायला बसले. तीसच्या तीस उसवायची गरज नव्हती, आणि तेवढा धीरही नव्हता. सहा चांदण्यांचं मागचं कापड काढून तिथे गडद लावलं. त्या लखलखल्या. आणखी चारांच्या टोकांच्या जागी उजळ त्रिकोण बसवले. बाकीच्या होत्या तशाच ठेवल्या. यात कंटाळा किती आणि विचार किती हे प्रामाणिकपणे सांगता येणार नाही, पण भिंतीवर लावल्यावर दिसलं की या अर्धवटपणाने भलं केलंय. काही चांदण्या ठळक, काही पुसट, दोन-तीन तर मागच्या कापडात जवळजवळ विरघळलेल्या. त्या विरघळलेल्या चांदण्यांपाशी नजर थांबते आणि शोधायला लागते. सगळ्याच ठळक असत्या तर पुन्हा तीच तऱ्हा झाली असती, फक्त जास्त झगमगीत.

*

भिंतीवर म्हटलं, ते सांगायचं राहिलं. पलंगावर मांडणं मी त्या दिवसापासून बंद केलं. पलंगाशी उभं राहिलं की पायाजवळचे ब्लॉक मोठे दिसतात, लांबचे दबतात, आणि सगळे एकदम डोळ्यांत मावत नाहीत. एक जुनी फ्लॅनेलची चादर भिंतीवर ताणून लावली. तिच्यावर सुती तुकडा नुसता दाबला तरी टाचणीशिवाय चिकटून राहतो. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचं. हातभर अंतरावरून सगळ्याच गोधड्या देखण्या असतात.

गोधडी भिंतीवर लावून लांबून बघायची, याचा एक मोठा प्रसंग १९७१ साली झाला. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेल्या अमेरिकन गोधड्या चित्रांसारख्या भिंतींवर टांगल्या गेल्या. अंथरुणावरची वस्तू उभी केली आणि लोकांना तिच्यातली रचना दिसली. रचना त्याआधीही होतीच. शिवणारणींनी ती अंगणात, दोरीवर, जमिनीवर पाहिलेली असणार. तरी उभं करून बघण्याने डोळ्यावरची एक सवय उतरते हे खरं.

पण माझ्या डोक्यात त्या दिवसांत घोळत होत्या त्या जीज बेंडच्या गोधड्या. अमेरिकेतल्या अलाबामा नदीच्या एका वळणात ही कृष्णवर्णीयांची छोटी वस्ती आहे. तिथल्या बायकांच्या गोधड्यांचं प्रदर्शन २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात सुरू झालं, पुढे २००६ साली त्यांच्यातल्या काही अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या. 'हाऊसटॉप' नावाची त्यांची एक आवडती मांडणी आहे: मध्ये एक तुकडा, त्याच्याभोवती पट्ट्यांचे चौकोन, एकात एक. सांगायला एवढं साधं. पण पट्टी कुठे अरुंद होते, कुठे कापड संपलं म्हणून मध्येच दुसरं लागतं, चौकोन हळूच कलतो. कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्यांत तर विटलेल्या निळ्या पायजम्यावर उसवलेल्या खिशाची जागा तशीच गर्द निळी राहिलेली दिसते. त्या विटक्या निळ्याच्या पसाऱ्यात तो गर्द आयत बरोबर नजर धरतो. कोणी तो मुद्दाम 'डिझाइन' केलेला नाही, पण तो तुकडा नेमका तिथे ठेवणाऱ्या बाईला तो दिसलाच नव्हता असं मला कोणी सांगू नये.

त्यांच्यासमोर माझ्या टोकाला टोक भिडलेल्या चांदण्या म्हणजे हजेरीला उभी केलेली मुलं.

(शिवणाऱ्या बायका गोधडीत एक चूक मुद्दाम ठेवतात, असं नेहमी ऐकू येतं. मला त्यात फारसा दम वाटत नाही. माझ्या चुका बोलावल्याशिवाय येतात आणि पुरेशा संख्येने येतात.)

*

आता मांडणी. पहिला विचार आला तो ब्लॉक फिरवून बघायचा. लाकडी ओंडक्यांच्या घरावरून नाव पडलेला 'लॉग केबिन' ब्लॉक असता तर काम तिथेच झालं असतं. त्यात मधल्या लहान चौकोनाभोवती पट्ट्या लावत जातात, दोन बाजू उजळ आणि दोन गडद. त्यामुळे ब्लॉक कर्णावर उजळ-गडद असा दुभंगतो आणि नुसते पाव-पाव फेरे देऊन त्याच ब्लॉकमधून तिरप्या सऱ्या निघतात, एकात एक बसलेले मोठे चौकोन निघतात, विजेसारखी नागमोड निघते. एकही टाका न उसवता संध्याकाळभर खेळत बसावं. माझी चांदणी मात्र चारही बाजूंनी सारखी. फिरवा किती फिरवायची ती.

मग मध्ये पट्ट्या घालून पाहिल्या. दोन ब्लॉकमध्ये दीड इंचाची सायीच्या रंगाची पट्टी, सगळीकडे. चष्मा काढला आणि समोर खिडकीची जाळी उभी. तीसही चांदण्या गजांआड. पट्ट्या वाईट असतात असं नाही. ब्लॉक एकमेकांशी भांडत असतील, प्रत्येकाचा रंगढंग वेगळा असेल, तर पट्ट्या त्यांना दम घ्यायला जागा देतात. आधीच शिस्तीत उभ्या असलेल्यांना आणखी शिस्त लावायची म्हणजे काय होणार?

जमलं ते ब्लॉक कोपऱ्यावर उभे केल्यावर. चौकोन ४५ अंशांत फिरवला की पतंगासारखा उभा राहतो. चांदणी तीच, पण आता तिची टोकं तिरकी पसरतात आणि नजर आडव्या-उभ्या रांगा सोडून कर्णावरून वर-खाली सरकायला लागते. दुसरा फायदा म्हणजे मध्ये रिकामे चौकोन घालायची सोय होते. आडव्या चार आणि उभ्या पाच अशा वीस चांदण्या मांडल्या तर त्यांच्यामधल्या जागेत बारा कोरे चौकोन बसतात. बाजूंना चौदा त्रिकोण, कोपऱ्यांना चार.

इथे थोडं गणित येतं आणि ते टाळलं तर नंतर रडायची वेळ येते. ९ इंचांच्या ब्लॉकचा कर्ण साधारण पावणेतेरा इंच. बाजूच्या त्रिकोणांसाठी कर्णात सव्वा इंच मिळवायचा, म्हणजे १४ इंचांचे चौकोन कापायचे आणि ते दोन्ही कर्णांवर कापून चार-चार त्रिकोण काढायचे. चौदा त्रिकोणांना असे चार चौकोन पुरतात, दोन त्रिकोण उरतात. कोपऱ्यांसाठी सव्वासात इंचांचे दोन चौकोन, एकाच कर्णावर कापलेले. चौकोन दोन्हीकडे लागतात, मग एक चारात आणि एक दोनात का कापायचा? कारण धागा. गोधडीच्या बाहेरच्या कडेला कापडाचा सरळ धागा यायला हवा. तिथे उरेब, म्हणजे तिरका धागा, आली तर कड ताणते, लोळते, लाटा येतात. बऱ्याच वर्षांपूर्वी एक गोधडी मी अशी केली आहे. ती जमिनीवर अंथरली तर कडेने उंबरठा असल्यासारखी उचलली जाते.

गणित सोडवलं. अडचण पुढेच होती. तीस चांदण्या आणि जागा वीस.

दहा काढायच्या कुठल्या? कागदावर हे सोपं वाटतं, जमलेल्या ठेवायच्या आणि फसलेल्या काढायच्या. प्रत्यक्षात उलटं झालं. सगळ्यांत आधी काढावी लागली ती माझी लाडकी, हळदी पिवळ्याची. त्या ब्लॉकसाठी मी तो पिवळा तुकडा सहा वर्षं जपला होता. पण पिवळा रंग मुळातच उजळ, त्यात एवढा मोठा तुकडा, आणि मी तो ठेवलेला बरोबर मधोमध. तो भिंतीवर असेपर्यंत दुसरं काही दिसतच नव्हतं. "बघू कुठे?" या प्रश्नाला ते उत्तर होतं खरं, पण खोलीत एकच माणूस मोठ्याने बोलत असावा तसं. तो काढला तर बाकीच्या मंडळींना कंठ फुटला. तीन दिवसांनी मला राहवेना. ती चांदणी उसवून पिवळ्याचे फक्त दोन लहान त्रिकोण घेतले आणि खालच्या उजव्या बाजूच्या एका चांदणीत बसवले. मधोमध नव्हे, बाजूला. आता नजर हिंडत हिंडत तिथे पोचते आणि पोचल्यावर जरा थांबते.

बाकीच्या नऊ काढताना लक्षात आलं की त्यांच्यातल्या सात जणींचा छाप एकाच मापाचा आहे. बारीक फुलं, वाटाण्याएवढी. हाही माझ्या पेटीचाच गुण. तीन वेगवेगळ्या रंगांची बारीक फुलं शेजारी शेजारी आली की लांबून ती एकच खडबडीत पृष्ठभाग होऊन बसतात. बारीक छापाला एखादा मोठा, मोकळा छाप लागतो, एखादं पूर्ण कोरं कापड लागतं, आणि माझ्या मते एखादी पट्टी तर हवीच. पट्टेरी कापडाला दिशा असते. चांदणीच्या चार टोकांत पट्टे मधून बाहेर जाणारे लावले तर ती फिरती दिसते. आडवे लावले तर थबकते. मी दोन चांदण्यांत ते केलं आणि त्याचा मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त आनंद झाला, कारण ते कोणाच्या लक्षात येत नाही.

*

कोऱ्या चौकोनांसाठी गडद निळं घेतलं, शाईच्या दौतीच्या तळाशी असतं तसं. काळ्याचा मोह झाला होता. अमेरिकेत ओहायोकडच्या, साधेपणाने राहणाऱ्या आमिश पंथाच्या बायकांच्या जुन्या गोधड्यांत काळ्या कापडावर कोरे भरीव रंग बसवलेले असतात, आणि ते रंग आतून पेटल्यासारखे दिसतात. पण त्यांचे रंग छापाविना, साधे, एका सुरातले. माझ्या फुलाफुलांच्या चांदण्यांना काळं फार कडक झालं असतं. बाजूचे त्रिकोणही त्याच निळ्याचे घेतले. त्यामुळे बाहेरच्या रांगेतल्या चांदण्या चौकटीत अडकल्यासारख्या न दिसता तरंगायला लागल्या. त्रिकोणांचे चौकोन १४ऐवजी साडेचौदा इंचांचे कापले. वरचं अर्धा इंच शेवटी छाटून सारखं करता येतं, शिवाय टोकं कडेवर चेपली जात नाहीत.

निळं कमी पडलं. दोन चौकोनांपुरतं. तेच कापड मिळेना म्हणून जवळचं निळं घेतलं. ते किंचित हिरव्याकडे झुकतं. ते दोन चौकोन कुठे लपवावेत यात मी अख्खी संध्याकाळ घालवली. कोपऱ्याजवळ ठेवले तर डाग पडल्यासारखे. शेजारी शेजारी ठेवले तर चूक झाल्यासारखे. शेवटी एक डावीकडे वर आणि एक उजवीकडे खाली, पिवळ्या त्रिकोणांपासून फार लांब नाही, असे ठेवले. त्यांच्यामुळे निळ्याची सपाटी मोडली, आणि पाण्यावर ढगाची सावली पडावी तसं काहीतरी झालं. हे ठरवून मला जमलं नसतं.

काठाचं मात्र झटपट झालं. सुरुवातीला तीन काठ ठरवले होते, एक बारीक तांबडा, एक हिरवा, मग पाच इंची निळा. भिंतीवर लावून पाहिले आणि तासाभरात उतरवले. एकामागे एक तीन कुंपणं. आतलं चित्र नीट नसेल तेव्हा मला काठ सुचायला लागतात, हे माझं मला माहीत आहे. शेवटी काठ नाहीच. फक्त गोट, विटक्या तांबड्या पट्टेरी कापडाचा, उरेब कापलेला, म्हणजे पट्टे कडेने तिरके पळतात.

राहिला धावदोरा. चांदण्यांवर मी फारसं शिवलं नाही, शिवणीच्या बाजूबाजूने एक ओळ, बास. तिथे आधीच गर्दी आहे. कोऱ्या निळ्या चौकोनांत मात्र हात मोकळा सोडला. निळ्यावर निळ्याच दोऱ्याने दहा चौकोनांत दहा चांदण्या शिवल्या, नुसती बाह्यरेषा. समोरून बघितलं तर दिसत नाहीत. उजेड बाजूने आला की टाक्यांच्या खाचा सावली धरतात आणि मग एकेक उमटते. ते दोन वेगळे निळे चौकोन तसेच सोडले, फक्त तिरक्या समांतर रेषा मारून. एवढ्या सगळ्या चांदण्यांत दोन ठिकाणी काही नसायला हवं होतं.

सगळं मिळून मूळच्या दोन महिन्यांवर आणखी चार महिने गेले. गोट शिवून झाला त्या दिवशी गोधडी पलंगावर घातली, सुरकुत्या काढल्या आणि बहिणीला हाक मारली. ती आली. या वेळी दारात थांबली नाही. पायथ्याशी उभी राहून बघितलं, मग पलंगाला वळसा घालून खिडकीकडच्या बाजूला गेली. वाकली. बोटाने निळ्या चौकोनातला टाका चाचपला. डोकं एकीकडे कललं, मग दुसरीकडे.

"बोल की," मी म्हटलं.

"थांब गं. बघतेय."

मी थांबले. ती आणखी दोन पावलं सरकली, उशाशी.

"ताई, इकडून बघितलीस का तू?"

नव्हती बघितली. चार महिने ती भिंतीवर होती आणि मी खोलीच्या एकाच टोकाला, एकाच खुर्चीत.

"इकडून ते पिवळं दिसतच नाही," ती म्हणाली. "आणि या दोन गडदवाल्या एकमेकींना चिकटल्यासारख्या वाटतायत. ये, बघ."

मी चष्मा काढला आणि वळसा घालून तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले.